भोईटे साहेबांच्या कंपनीतली अंधुक अक्षरं

आमच्या कंपनीत दोन गोष्टी रोज निघतात, स्क्रॅप आणि किस्से. स्क्रॅप न्यायला शनिवारी टेम्पो येतो. किस्से न्यायला कोणीच येत नाही, म्हणून ते साचतात. हे त्यातले फक्त अक्षरांचे. बाकीचे सांगितले तर मला उद्यापासून कामावर जाता येणार नाही राव!

कंपनी चाकणची. गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो. तिथला आयटी म्हणजे मी. हेड, स्टाफ आणि टेबलाखाली घुसून केबल ओढणारा, तिन्ही मीच. इंजिनिअरिंग मधेच सोडलं, कारण सर पुस्तक फळ्यावर उतरवत होते आणि ते पुस्तक माझ्याकडंही होतं. वडील अजून पाहुण्यांना सांगतात, "गॅप घेतलाय." गॅप! जसं काही मी स्टेशनवर चहा प्यायला उतरलोय.

मोठ्या कस्टमरनं दम दिला की कॉपी मारलेलं सॉफ्टवेअर चालणार नाही. मालक भोईटे साहेबांनी मला विचारलं, "फुकटात काय बसतं?"

"लिनक्स."

"बसव."

बसवलं. काम सगळं व्यवस्थित चालू झालं. फक्त अक्षरं अशी दिसायची की कोणीतरी ओल्या बोटानं पुसलीत. बारीक, राखाडी, कडा फुटलेली.

*

पहिला बळी अकाउंट्सचे लाटकर सर. आधी त्यांनी स्क्रीन पुसली. मग माझ्यावर ओरडले. मग थेट थेरगावला, डांगे चौकातल्या चष्म्याच्या दुकानात.

दुकानदार म्हणाला, "काका, नंबर आहे तोच आहे."

सर ऐकतात होय! दुसऱ्या दिवशी ऑफिसचा लॅपटॉप काखेत मारून परत दुकानात. लॅपटॉप काउंटरवर उघडा ठेवला आणि एकेक काच लावून बघितली. जिच्यातून बॅलन्स शीट बरी दिसली ती काच फायनल!

"कसा आहे नवा चष्मा?" मी विचारलं.

"ऑफिस एकदम क्लिअर. घरी मात्र मिसेस जरा अंधुक दिसतात."

"मग?"

"मग काय? तिकडं कुठं टॅली करायचंय!"

*

साहेबांना मी शांतपणे समजावलं. माझ्या स्वभावात बसत नाही, तरी समजावलं.

"साहेब, स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची जाळी. अक्षराची कड दोन ठिपक्यांच्या मधे पडली की अर्धी इकडं दिसते, अर्धी तिकडं. म्हणून धूसर. तिला उचलून जाळीवर नीट बसवायचं, त्याला हिंटिंग म्हणतात. आपण ब्रॅकेट हलू नये म्हणून फिक्स्चरमध्ये पक्का बसवतो ना, तसं."

साहेब जुने मेकॅनिकल इंजिनिअर. 'फिक्स्चर' ऐकलं आणि खडबडून जागे झाले.

"फॉन्टचा व्हेंडर कोण आहे? बोलव त्याला. डेबिट नोट लावू, पैसे कापू!"

"फॉन्ट फुकट आहे, साहेब."

"मग रिजेक्शन कुणाच्या नावावर टाकायचं?"

साहेब माझ्याकडं टक लावून बघत होते. त्यांना व्हेंडर सापडला होता!

*

इथपर्यंत गंमत होती. मग भानगड झाली.

क्वालिटीला बोऱ्हाडे काका. मूळ मोशीचे. यांच्या शेतात आता लोकांच्या बाल्कन्या आहेत, काका मात्र कंपनीच्या पहिल्या दिवसापासून मायक्रोमीटर घेऊन त्याच टेबलावर. आमचं पटत नाही. ते मला 'अर्धा इंजिनेर' म्हणतात. मी त्यांना 'जुनं मॉडेल'.

या अंधुक अक्षरांत काकांनी आठाचा तीन वाचला आणि चांगल्या मालाची अख्खी ट्रॉली रिजेक्ट केली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काकांचे डोळे गेले. मोठ्या कस्टमरचं ऑडिट झालं की यांना गेटवर बसवा."

काका एरवी शब्द खाली पडू देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी फक्त मायक्रोमीटर पुसला आणि डबीत ठेवला.

माझी सटकली. "साहेब, डोळे नाही गेले, फॉन्ट गेलाय! तुम्हीच वाचा ना हा आकडा."

साहेबांनी वाकून बघितलं. "आठ आहे."

"शून्य आहे!"

सगळं क्वालिटी डिपार्टमेंट छताकडं बघायला लागलं.

"कॉलेज पूर्ण केलं असतंस तर बोलायची पद्धत तरी आली असती," साहेब म्हणाले. "ऑडिटपर्यंत नीट कर. नाहीतर काका गेटवर."

मोठ्या माणसांचं एक बरं असतं. आकडा चुकला की ते लगेच आपले संस्कार मोजायला घेतात.

*

मी हिंटिंग फुल्ल केलं. आकडे ब्लेडसारखे धारदार! पण मराठीची वाट लागली. एका शब्दाची शिरोरेषा जाड, पुढच्याची बारीक, तिसऱ्याची मधेच खचलेली.

काका म्हणाले, "ही रेघ हाय का आमच्या मोशीचा रस्ता? जरा पुढं गेलं की खड्डा!"

हिंटिंग हलकं केलं, कडा जरा मऊ ठेवल्या. आकडेही नीट, रेघही सरळ. सगळ्या मशिनवर तेच सेटिंग टाकलं आणि कॉलर ताठ करून उभा राहिलो.

तेवढ्यात अकाउंट्समधून लाटकर सरांची किंकाळी आली.

"अरे मेल्या, आता ऑफिसपण अंधुक दिसायला लागलं!"

*

साहेबांचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी जावयाला बोलावलं. जावई वाकडचे, आयटीत फार मोठ्या पोस्टवर. पोस्टचं नाव इतकं लांब की सांगेपर्यंत चहा गार झाला.

त्यांनी काकांच्या खुर्चीत बसून सगळं दुप्पट मोठं केलं. आकडा खराच मोठा झाला. इतका की एका वेळी एकच दिसायचा! सेव्हचं बटण तर स्क्रीनच्या खाली कुठंतरी टेबलात गेलं.

काका घाबरत म्हणाले, "जावईबापू, दिसतंय लई बेस. पर सेव कुठं करू?"

जावयांनी माउस खाली ओढला. आणखी खाली. शेवटी माउस टेबलावरून पडला.

"ॲक्च्युअली," ते उठत म्हणाले, "आमच्याकडं हे दुसरी टीम बघते."

*

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशिनींची पूजा होते. दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर परत आलो तर काकांची हाक.

"अर्ध्या इंजिनेरा! अक्षरांना लाल-पिवळी किनार आलीया बघ!"

अक्षराची कड मऊ करायला प्रत्येक ठिपक्यातला लाल, हिरवा, निळा भाग वेगवेगळा वापरतात. त्यांचा क्रम चुकला की रंगीत किनार येते. मी क्रम उलटा केला. सुलटा केला. फिल्टर बदलला. दुपार गेली, किनार जागच्या जागी! ऑडिट उद्यावर. वैतागून मी स्क्रीनवर बोट आपटलं.

बोट लाल झालं.

"काका! मॉनिटरला हळदकुंकू कुणी लावलं?"

"आमीच. मशीन न्हाई का त्ये?"

मी क्रम होता तसा केला आणि काकांचं लक्ष नसताना बाहीनं स्क्रीन पुसली. काका खूश.

"आता झकास! काय केलंस रं?"

"ॲडव्हान्स सेटिंग होतं, काका. तुम्हाला नाही कळायचं."

*

ऑडिटचा दिवस. मीटिंग रूम, भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला साहेबांचाच कॉम्प्युटर जोडलेला. रिपोर्ट स्वतः वाचायचा असं साहेबांनी ठरवलं होतं. पण ऑडिटर मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी मोजलं त्यांनाच वाचू द्या."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. काका पार दारात उभे होते.

"पुढं या, काका," मी म्हटलं.

"हितनंच वाचतो."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. काकांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "पहिला जॉब, बारा पॉइंट शून्य आठ. ओके. दुसरा जॉब, बारा पॉइंट शून्य तीन. ओके." मॅडम त्यांच्याकडच्या कागदावर टिक मारत होत्या. एकही आकडा चुकेना! साहेबांनी हळूच एक डोळा उघडला. मग दुसरा. मग चक्क हसले, आणि मॅडमना म्हणाले, "आमचं सगळ्यात जुनं माणूस!"

तेवढ्यात टीव्हीच्या कोपऱ्यात मेसेज आला. साहेबांच्या धाकट्या भावाचा, जो स्टोअर बघतो. माझ्या नव्या सेटिंगमध्ये, ठळक, काळाभोर, एकेक काना सुटा.

काका त्याच आवाजात, त्याच चालीवर पुढं वाचत गेले.

"दादा, बाईंना आधी जेवायला ने. गंजका माल अजून मागच्या शेडमध्ये हलवतोय. ओके."

मॅडमनी पेनला टोपण लावलं आणि उठल्या. "मागच्या शेडमध्ये कुठून जायचं?"

साहेब टीव्हीवरची नजर न काढता दातओठ खात पुटपुटले, "काका, आधी तो चष्मा काढा!"

"लावलाच न्हाई, साहेब."