रिकाम्या पोटी

दुकानात आला की तो आधी उजवा हात काउंटरच्या काचेवर पालथा ठेवायचा, बोटं पसरून. मग काचेपासून बोटभर वर उचलायचा आणि म्हणायचा, "बघा ताई, आज कसा आहे?" मी चष्मा सारखा करून बघायचे. हात थरथरायचा, कधी पंख्याखालच्या कागदासारखा, कधी अगदी थोडा.

"कालपेक्षा बरा आहे," मी म्हणायचे.

"काल मी आलोच नव्हतो," तो म्हणायचा आणि मोठ्याने हसायचा.

परळला हॉस्पिटलांच्या रस्त्यावर औषधांचं एक दुकान आहे, तिथे मी बावीस वर्षं फार्मसिस्ट आहे. चिठ्ठी घेऊन उभी असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. थकलेली असतात, काउंटरला टेकतात. हा कधी टेकला नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दारापर्यंत जाऊन परत. स्टूल पुढे केलं तर म्हणायचा, "बसतो कसला, मीटर चालू आहे."

मीटर म्हणजे त्याची कॅप्सूल. ती रिकाम्या पोटी घ्यायची. जेवणाआधी तासभर, किंवा जेवण झाल्यावर दोन तासांनी. दिवसातून तीनदा, रोज, जन्मभर. त्यामुळे त्याचा सगळा दिवस तुकड्यातुकड्यांत कापलेला असायचा. कोणी चहा-बिस्कीट पुढे केलं की आधी घड्याळ.

आजाराचं नाव विल्सन. आई आणि बाप, दोघांकडूनही तोच दोष आला तरच होतो. जेवणातून पोटात जाणारं तांबं यकृताला बाहेर टाकता येत नाही. ते साठत राहतं, आधी यकृतात, मग मेंदूत. कॅप्सूल ते लघवीवाटे बाहेर काढते. लालबागच्या त्याच्या चाळीत हे कोणाला पटत नसे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायची टूम निघाली होती तेव्हा शेजारच्या काकूंनी त्याला प्रेमाने तांब्याची बाटली आणून दिली. "काकू," तो म्हणाला, "मला वितळवलंत तर तुमच्या घरापुरत्या कळश्या निघतील."

पण आजाराचं निदान व्हायला दोन वर्षं लागली होती, आणि त्या दोन वर्षांबद्दल तो हसून बोलत नसे. शिवडीच्या एका गोदामात तो पावत्या लिहायचा. अक्षर बिघडलं, जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला. साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, "सकाळी सकाळीच लावून येतोस का?" ज्याने कधी बिअरसुद्धा घेतली नव्हती त्या माणसाची नोकरी दारुडा म्हणून गेली. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं दिसलं. तिथून पुढे सगळं उलगडलं.

निदान करणाऱ्या डॉक्टरांनी जाता जाता विचारलं होतं, भावंडं किती? एक धाकटी बहीण होती. तिला काहीही होत नव्हतं. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा माहीमचा. आई म्हणाली, "तुका झाला ता झाला, आता चेडवाच्या लग्नात कित्याक खोडो घालतंस?"

त्याने घातला. "माझ्या रिपोर्टसाठी भावंडाचं रक्त लागतं," असं बहिणीला सांगून तिला घेऊन गेला. तिच्या यकृताला सूज होती. तिलाही तीच कॅप्सूल सुरू झाली. आणि घरचे गप्प बसायचं ठरवत असताना हा स्वतः माहीमला जाऊन मुलाकडच्यांना सगळं सांगून आला. लग्न मोडलं.

मी तेव्हा त्याला रागावले होते. "तिला विचारायचं तरी."

तो दारापर्यंत गेला, परत आला. "ताई, लपवून लग्न केलं असतं तर तिने औषध पण लपवून घेतलं असतं. आणि लपवून घ्यायचं औषध कधीतरी राहून जातंच."

बहीण वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. खोली दहा बाय बाराची, त्यात अबोला. दोघांची औषधं हाच न्यायचा. तिची फळीवर ठेवायचा. वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "आये, कोणाच्या तरी कॅप्सूलची वेळ झाली." त्यावर बहीण आईला सांगायची, "ज्याला त्याला घड्याळ कळतं म्हणावं."

मग ती कॅप्सूल बाजारातून गायब झाली. कच्चा माल येत नाही, एवढंच वितरक सांगत. दुर्मीळ आजाराचं औषध असं एकाएकी नाहीसं झालं तरी ओरडणार कोण? घेणारी माणसंच मोजकी. मी दादर, गिरगाव, ठाण्यापर्यंत फोन केले. जेमतेम एका माणसाला पुरेल एवढा माल हाती लागला.

"याचं सगळं बिल तिच्या चिठ्ठीवर फाडा," तो म्हणाला. "माझी सोय झालीय. मित्राने दिल्लीहून पाठवलंय."

"नक्की?"

"तुम्हाला काय लिहून देऊ?"

त्या दिवशी त्याने हात काचेवर ठेवला नाही. हात खिशात होता. पुढच्या खेपेलाही खिशातच होता. हे मला दिसलं होतं. गर्दी होती, मागे चार माणसं उभी होती, मी पिशवी पुढे केली आणि "पुढे कोण?" म्हटलं. अजूनही दुपारी दुकान रिकामं झालं की तो खिसा मला आठवतो आणि मी उगाच कपाटं आवरायला घेते.

सात आठवड्यांनी एक मुलगी धावत आली. तिला मी तोवर पाहिलं नव्हतं, पण नाक तेच होतं.

"माझा भाऊ तुमच्याकडून औषध नेतो ना? डॉक्टरांनी त्याचं बंद केलंय का?"

"नाही. का गं?"

"सकाळपासून त्याला पाणी गिळता येत नाही. माझं नाव घ्यायला गेला, ते पण येईना." ती थांबली. "त्याच्या ट्रंकेत एक पण स्ट्रिप नाही. माझी फळी भरलेली आहे."

मित्र नव्हता, दिल्ली नव्हती.

त्याला दाखल केलं. चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले. तो खाटेवर आडवा होता. हात, मान, जबडा, सगळंच हलत होतं, आणि नळीतून अन्न चाललं होतं. बहीण पायथ्याशी उभी होती. वर्षभराचा अबोला तिने त्या वॉर्डात सगळ्यांसमोर मोडला.

"टेस्ट करताना मला विचारलं नाहीस. लग्न मोडताना विचारलं नाहीस. स्वतःचं औषध सोडलंस, तेव्हा पण नाही. मी कोण आहे तुझी? पार्सल?"

त्याने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. नुसता आवाज आला.

"निम्मं निम्मं घेतलं असतं. डॉक्टरांना विचारलं असतं. काहीतरी केलं असतं ना दोघांनी!" मग ती खाली बसली आणि त्याचे हलणारे पाय दोन्ही हातांनी धरून राहिली. डोळ्यांतून कानापर्यंत ओघळलेलं पाणी त्याला पुसता येत नव्हतं, मी पुसलं.

तोवर डॉक्टरांनी तिच्या फळीवरचंच औषध दोघांना वाटून दिलं. तीन आठवड्यांनी माल आला. पहिलं खोकं मी स्वतः वॉर्डात नेऊन दिलं. सुधारायला वर्ष गेलं. चालायला लागला, स्वतःच्या हाताने जेवायला लागला. पण लिहिता येईना ते येईनाच, आणि बोलणं जाड राहिलं, तोंडात सुपारी धरल्यासारखं. दुकानात यायचा तेव्हा आता बहीण सोबत असायची. ती चिठ्ठी पुढे करायची आणि तारखा स्वतः तपासायची. वाद चालूच असायचा.

"हा सांगतो घेतली. तुम्ही ऐकू नका याचं."

"घे-त-ली," तो म्हणायचा.

"दिल्लीहून आली होती काय?"

मागच्या वर्षी त्यांची चाळ पाडायला घेतली आणि ते कुटुंब बदलापूरला गेलं. औषध आता त्यांना तिकडेच मिळतं. तो आला नाही, येणारही नाही. रस्त्यावरून कोणी घाईत दुकानाकडे वळलं की मी अजून मान वर करते.

जायच्या आधी दोघं निरोप घ्यायला आली होती. निघाली आणि दुकानासमोरच फुटपाथवर थांबली. कॅप्सूलची वेळ झाली होती. भर दुपार, टॅक्सीवाले हॉर्न देत होते, फळवाल्याच्या गाडीपाशी गर्दी होती. तिने त्याच्या तळहातावर कॅप्सूल ठेवली, पाण्याची बाटली धरून त्याला पाणी पाजलं.

"आ कर."

"लोक... बघतात."

"बघू देत. आ कर. जीभ वर."

चौतीस वर्षांचा तो माणूस माणसांच्या त्या लोंढ्यात तोंड वासून उभा राहिला. तिने टाचा उंचावून नीट आत पाहिलं. मग स्वतःची कॅप्सूल तोंडात टाकली, बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायली, आणि त्याच्यासमोर उभी राहून तिनेही आ केला.