अपडेटवर सही माझीच
माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आमच्या डिंगोरे गावात वडील दुसऱ्यांच्या विहिरी खोदायचे, आई दुसऱ्यांचे कांदे काढायची. मला जुन्नरला शिकवायचं म्हणून घराचे फुटके पत्रे वर्षानुवर्षं तसेच राहिले. पदवी हातात आल्यावर सगळे म्हणाले, नोकरी बघ. मी म्हटलं, बघणार नाही, स्वतःचं काम करणार.

दूध संकलन केंद्रांसाठी मी प्रोग्रॅम लिहिला. कुणाचं दूध किती, फॅट किती, त्याची चिठ्ठी काढणारा. जुन्नर-आंबेगावातल्या बऱ्याच केंद्रांनी तो घेतला. काही सुधारलं की मी फटफटीवर सीडी घेऊन फिरायचो. पुढं केंद्रांवर इंटरनेट आलं, तसं अपडेट नेटवरून द्यायला लागलो. आणि पडद्यावर इशारा यायला लागला: प्रकाशक अनोळखी आहे.

बोरी बुद्रुकच्या केंद्राचे सचिव फोनवर तापले. "अनोळखी? अरं, तुझ्या लग्नात आमी पंगतीला वाढलंय!"

त्यांनी तरी इशारा न जुमानता बटण दाबून अपडेट घेतलं. बाकीची केंद्रं घाबरली, अपडेट घेईनात. हे कळल्यावर शहरातल्या एका कंपनीचा माणूस घरी आला. "तुमच्या प्रोग्रॅमवर आम्ही आमची डिजिटल सही टाकतो, मग इशारा येणार नाही. नाव आमचं दिसेल. केंद्रवाल्यांना काय फरक पडतो?"

"मला पडतो," मी म्हणालो. "चहा घ्या आणि निघा."

ही सही स्वतःच्या नावानं करायला प्रमाणपत्र लागतं, आणि ते देणारी संस्था होती परदेशात. तुम्ही खरे कोण, याची ती आधी खातरजमा करणार. त्यांना रस्त्याचं नाव हवं, घराचा क्रमांक हवा, धंद्याच्या नावावर फोन हवा. आमच्या आळीतल्या रस्त्याला नाव नव्हतं आणि फोन वडिलांच्या नावावर. धंद्याचा परवाना काढला, ग्रामपंचायतीचा दाखला इंग्रजीत करून नोटरीचा शिक्का घेतला, फोन धंद्याच्या नावावर करून घेतला. खातरजमेचा कॉल आला तेव्हा मी बाहेर होतो. वडिलांनी उचलला.

"कोन बाई इंग्रजीत बोलत व्हती. राँग नंबर म्हनलं आन् ठिवला."

अर्ज बाद. पुन्हा केला. या खेपेला फोनपासून हललो नाही, जेवण तिथंच. कॉल आला, आणि त्या बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्या जुन्नरी इंग्रजीत ठणकावून उत्तर दिलं. प्रमाणपत्र मिळालं. सही करून अपडेट सोडलं.

दुसऱ्या सकाळी बोरीचा फोन. "भाऊ, आता म्हनतंय सहीच चालत न्हाई."

गाडी काढली. तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात कित्येक वर्षं जुनी तारीख! लोडशेडिंगच्या धास्तीनं सचिव काम झालं की प्लग उपटून ठेवायचे. घड्याळ चालू ठेवणारा आतला सेल कधीच मेलेला, त्यामुळं घड्याळ रोज मागं जायचं. त्यानं कुणाचं अडत नव्हतं, कारण चिठ्ठीवरची तारीख हातानं टाकायची सोय मीच प्रोग्रॅममध्ये ठेवली होती. आता त्या कॉम्प्युटरच्या लेखी माझं प्रमाणपत्र अजून निघालेलंच नव्हतं. त्या सोयीमुळंच हा बिघाड झाकून राहिला, चूक माझीच.

"सोड की राव सहीचं," सचिव म्हणाले. "पयल्यासारखी सीडी आन."

"सीडी बंद. स्क्रू-ड्रायव्हर आहे का?"

बाकीच्या केंद्रांवरही हीच गत असणार, म्हणून नारायणगावच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात होते नव्हते तेवढे बटण-सेल उचलले. बोरीपासून आणे गावच्या पठारापर्यंत आणि तिकडं आंबेगावात, प्रत्येक केंद्रावरचा कॉम्प्युटर उघडला, सेल बदलला, तारीख लावली. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "शिकून शेवटी सेलच बदलतोय." म्हटलं, होय, बदलतोय.

पंधरा दिवसांत सगळ्या केंद्रांवर अपडेट बसलं. प्रकाशक म्हणून नाव माझं होतं.