दलाल काकांचा डॉक्टरी सौदा

उलट डॉक्टरलाच तपासून घेणारा रोगी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. दलाल काकांची हयात जवळा बाजारला बैलांचे सौदे जमवण्यात गेली. त्यामुळे समोर येईल त्याच्यात काहीतरी खोड असणारच, असं धरूनच ते बोलायला लागतात. गावात नवे डॉक्टर आले तेव्हा काकांनी आधी भिंतीवरचं प्रमाणपत्र निरखलं, फी विचारली आणि खांद्यावरचा रुमाल डॉक्टरांच्या हातावर टाकून त्याखाली बोटं दाबायला सुरुवात केली. बैलाचा भाव असाच गुपचूप बोटांवर ठरतो. डॉक्टर बिचारे बाहेरगावचे. त्यांना वाटलं, म्हातारा नाडी दाखवतोय. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं ठोके मोजले.

आजारपणाबद्दल काकांचं मत मोठं कडक. दुखणं ज्याचं, चूक त्याची आणि खर्चही त्याचाच. मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून म्हणाले, "सर, औंढ्याला उघड्यावरची भजी तुमीच खाल्ली ना? मंग डॉक्टरला काहून बोल लावता?" मी बोल लावलाच नव्हता. त्यांचा स्वतःचा गुडघा सुजला तेव्हा मात्र चूक रस्त्याची निघाली. एकदा अर्ध्या सलाइनमध्येच बरं वाटलं, तर उरलेल्या अर्ध्या बाटलीचे पैसे कापा म्हणून हटून बसले. शेवटी फी पुरी देतात, वर हरभऱ्याचे डहाळेही ठेवतात. पण घासाघीस केल्याशिवाय दिलेला पैसा त्यांच्या अंगी लागत नाही.

मागल्या साली काकूंच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशन नांदेडला, आणि सरकारी योजनेतून सगळं फुकट. दुसरा कोणी हरखला असता, काकांचा चेहरा पार उतरला.

"सर, फुकट जनावर कोण देतं? ज्याला त्याची खोड माहीत हाय, तोच."

"काका, फुकट कसलं? आपल्याच करातून जातं ते."

"मंग मी पैसे देऊन राहिलो, हे त्या डॉक्टरला माहीत हाय का?"



ऑपरेशनच्या सकाळी काकूंना आत नेलं. मागून डॉक्टर निघाले, तर काका आडवे आले आणि शंभराची नोट त्यांच्या मुठीत कोंबली.

"अहो काका, इथं काही द्यावं लागत नाही."

"फी न्हाई साहेब, इसार हाय," काका म्हणाले. "बाजारात एकदा इसार घेतला की ते जनावर दुसऱ्या कुणाला देता येत न्हाई. ही बी दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाई." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, नोट खिशात ठेवली आणि आत गेले.

काकू वाचल्या. घरी निघताना डॉक्टर हसत हसत ती नोट परत द्यायला लागले, तर काका मागं सरले.

"ठेवा साहेब. इसार वापस घेतला की सौदा मोडतो."

आणि त्यांनी सगळ्यांदेखत काकूंचा हात धरला. काकू लाजून "सोडा की, लोकं बघून राहिलेत," म्हणाल्या. जिना उतरून गाडीपाशी येईपर्यंत काकांनी तो सोडला नाही.