तिठ्यावरचा दहीभात

कुंदाताईच्या यजमानांचा शारजाहून फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "कुंदा गेली. सकाळी चहा टाकता टाकता..." एवढंच म्हणाले. त्याला आता पाच आठवडे झाले.

पंच्याण्णवच्या सुमाराला दुबईतल्या देऱ्यात आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. ती साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायची, इथे नवऱ्याच्या व्हिसावर येऊन घरात बसली. मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमधली मराठी मुलं गोळा करून, हॉलमध्ये सतरंजी घालून ती ग्रीक पुराणातल्या देवी आणि चेटकिणींच्या गोष्टी सांगायची. सर्सी पाहुण्यांना पोटभर जेवू घालून त्यांची डुकरं करायची. गणपतीच्या जेवणात श्रीखंडावर तुटून पडलेल्यांकडे बघत कुंदाताई मला हळूच डोळा मारी. कॅलिप्सो तिची लाडकी. बेटावर एकटी राहणारी देवी, तिने सात वर्षं सांभाळलेला पाहुणा निघून गेला. "तो घरी पोचला का, हे सगळे विचारतात गं. तिचं पुढे काय झालं, कोण विचारतं?" असं एकदा म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

मग हेकाटीची गोष्ट आली. ही तीन रस्त्यांची, जादूटोण्याची देवी. अमावास्येला लोक तिच्यासाठी तिठ्यावर जेवण ठेवत. मुलांना कळावं म्हणून कुंदाताई म्हणाली, "आपल्याकडे उतारा ठेवतात, साधारण तसंच." इथे वाढलेल्या मुलांना उतारा काय ठाऊक! मग दहीभात, लिंबू, उदबत्ती, सगळं तिने समजावून सांगितलं. पुढच्या अमावास्येच्या सकाळी बिल्डिंगमागच्या तिठ्यावर वाटीत दहीभात, लिंबू आणि उदबत्ती. एकच गोंधळ उडाला. "करणी आहे ही! पोलिसांना कळलं तर व्हिसा खलास, घरी जा," समोरच्या वहिनी ओरडल्या. सगळ्यांच्या नजरा कुंदाताईकडे वळल्या. चेटकिणींच्या गोष्टी सांगणारी, त्यात मूल नसलेली बाई... आणखी काय हवं होतं? वाटीला हात लावायला कुणी धजेना. शेवटी मी उचलली. तळाशी माझंच नाव कोरलेलं होतं. माझ्या आठ वर्षांच्या सईचा उद्योग.

मी वाटी पदराखाली धरून घरी आणली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. भित्री होते मी, दुसरा शब्द नाही. पुढच्या शुक्रवारी कुणीच मुलं पाठवली नाहीत. मीही सईला पाठवलं नाही. वर्षभरात कुंदाताई आणि तिचे यजमान शारजाला राहायला गेले. दिवाळीला तिच्याकडून चकल्या मात्र न चुकता यायच्या.

पंधरा दिवसांपूर्वी सईला हे सगळं सांगितलं. ती आता पंधरा वर्षांची आहे. ती शांतपणे म्हणाली, "आय टोल्ड हर, आई. द सेम डे."

"मग? काय म्हणाली?"

"शी सेड, तुझ्या आईला माहीत आहे. डोन्ट मेक हर से इट."

सात वर्षं कुंदाताईला माहीत होतं, आणि मी तिच्या चकल्या खात होते.

गेल्या शुक्रवारी पहिल्यांदाच शारजाला त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली होती. मी बघत राहिले तसे तिचे यजमान म्हणाले, "दर शुक्रवारी सकाळी घालायची. कुणी येत नसे, पण घालायची. आता मीच घालतो, हात आपोआप जातो."

ती कुणाची वाट बघायची, हे मी विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. देऱ्याहून वीस मिनिटं लागतात.