‘लुक इनटू’चा अर्थ

रावेरच्या मालधक्क्यावर केळीचे घड वाहणाऱ्या त्या अक्काचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे, न निघणारे डाग होते. मी तेव्हा हमालांच्या मागण्यांची पत्रकं वाटत हिंडायचो. एकदा तिने रेल्वे कचेरीचं इंग्रजी पत्र माझ्यापुढे धरलं. धक्क्यावरच्या बायांनी पिण्याच्या पाण्याचा नळ मागितला होता, त्या अर्जाचं ते उत्तर होतं.

“‘लुक इनटू’ लिहिलंय. म्हणजे नीट चौकशी करतील,” मी म्हणालो. “पण अक्का, हे शब्द ते अर्ज पुरायलाच वापरतात.”

“पुरू दे भाऊ. उकरायले आम्ही आहो ना.”

दुसऱ्या दिवसापासून काम संपलं की ती पत्र घेऊन कचेरीच्या दारात उभी राहू लागली.

“साहेब, झाली का चौकशी?”

“रोज काय येता, बाई?”

“तुम्हीच लिहून देलं. मंग कोनाले इचारू?”

माझी पत्रकं जाब विचारून रद्दीत जात. ती मात्र रोज समोर उभी राही. हळूहळू तिच्यामागे धक्क्यावरच्या सगळ्या बाया उभ्या राहिल्या. शेवटी साहेब भर उन्हात स्वतः धक्का पाहायला आले, आणि नळ बसला.

पहिला लोटा तिने माझ्याच हातात दिला.

“पी भाऊ. झाली चौकशी!”