मामंजींचं परडं आणि ह्यांचा ड्रोन

आमच्या ह्यांचं कानडी मुलखातल्या रामनगरच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे सरकारी कागद हातातून जातात, आणि हे ते नुसते छापत नाहीत, वाचतात. घरात मिक्सर आला तेव्हा कितीतरी दिवस चटणी पाट्यावरच वाटली जात होती, कारण मिक्सरबरोबर आलेली पुस्तिका ह्यांची वाचून व्हायची होती. अशा माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर ड्रोन घ्यायची हुक्की आली, तेव्हा मी निर्धास्त होते. म्हटलं, नियम वाचण्यातच हौस फिटेल.

फिटली नाही. भाच्याच्या लग्नात फोटोवाल्याचा ड्रोन मांडवावर घिरट्या घालत होता आणि हे पंगत सोडून वर बघत उभे होते. त्यानंतर पावसाळाभर मोबाईलवर वाचन चाललं. शेवटी पाव किलोच्या आतला, शिकाऊ माणसाला झेपेल असा निवडला. त्याहून जड घेतला तर नियम वाढतात, म्हणे. मी हातात घेऊन पाहिला. आमच्याकडचं कारलं त्याहून जड असतं. पण पंख्यांना जाळी, जास्तीच्या बॅटऱ्या, सुटे पंखे असा त्याचा संसार मात्र माझ्या रुखवतापेक्षा मोठा होता.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा पुसून तो नीट न्याहाळला आणि एकच विचारलं, "पाण्यावर जाईल का हे?"

मला लगेच कळलं. ह्यांनाही कळलं असावं, कारण ते एकदम बॅटऱ्या मोजायला लागले.

आमच्या सासरचं मूळ गाव सुप्याच्या धरणात गेलं. तेव्हा हे कडेवर होते. सरकारनं इकडे रामनगरला जमीन दिली, घर उभं राहिलं, गावाबरोबर उचलून आणलेला देवही इकडेच बसला. पण मामंजी काही पुरते इकडे आले नाहीत. वैशाखात धरणाचं पाणी उतरलं की त्यांच्या जुन्या घराचं जोतं उघडं पडतं. दरवर्षी ते भाकरी आणि लसणाची चटणी बांधून एकटेच जायचे, जोत्यावर बसून जेवायचे आणि परत यायचे. आता गुडघे गेले. काठावरचा चिखलाचा उतार त्यांना उतरवत नाही. जोतं अजून तिथं आहे की वाहून गेलं, एवढंच एकदा बघायचं त्यांच्या मनात राहून गेलं होतं.

इकडच्या घराला ते घर म्हणत नसत. बिऱ्हाड म्हणत. आमच्या आळीत प्रत्येकाच्या घरामागच्या परड्यात माड आहे, आमच्या परड्यात नव्हता. केळ, पपई, अळू, भेंडी, जे लवकर येईल आणि लवकर आटोपेल तेवढंच. मी लग्न होऊन आले तेव्हा खानापुराकडच्या माझ्या माहेराहून नारळाचं रोप आणलं होतं. मामंजींनी ते शेजारी देऊन टाकलं. म्हणाले, "नारळ लावला की खोबरं खायला थांबावं लागतं, पोरी. आमचं हितं बिऱ्हाड हाय." त्या रोपाचा केव्हाच माड झाला. शेजारीण संकष्टीला माझ्याच माडाचा नारळ मला आणून देते, आणि वर उपकार केल्यासारखी चहाला बसते.

तर अशा मामंजींनी ड्रोनची पूजा स्वतः केली. घरात वाहन आलं की पूजा ही आमच्याकडची रीतच. चाकं नाहीत म्हटल्यावर चार पंख्यांखाली चार लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट नेमकं कॅमेऱ्याच्या काचेवर टेकवलं. "डोळा हाय न्हवं त्याचा," म्हणाले. हळद पोटाला लागली. जमिनीचा अंदाज घेणारे सेन्सर तिथंच असतात हे नंतर कळलं.

भात कापून मोकळ्या झालेल्या आमच्याच शेतात पहिलं उड्डाण झालं. मोबाईलवर सगळी जोयडा तालुक्याची भूमी लालभडक दिसली. मग उतरवायची वेळ आली तर तो उतरेना. कमरेएवढ्या उंचीवर येऊन डुगडुगत राहिला. हे घामाघूम. मामंजी बांधावरून शांतपणे म्हणाले, "पूजा पावली त्याला. आता कशाला खाली येतंय." शेवटी एकदाचा तो शेजारच्या उसाच्या पाचोळ्यावर टेकला, आणि पुढचा आठवडाभर हे कापसाच्या बोळ्यानं हळद पुसत आणि काडीनं अक्षता कोरत बसले.

मग पाण्यावर जायचा तो प्रश्न पुन्हा आला. ह्यांनी मोबाईलवर नकाशा उघडून वडिलांपुढे धरला. कुठं उडवायला मोकळीक आहे आणि कुठं मनाई, ते त्यात रंगानं दाखवतात. धरण लाल. पलीकडचं वाघाचं रान लाल. "तिकडं न्हाई उडवता येत, बाबा."

मामंजी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून काठी टेकत देवळात गेले आणि गुरवाकडून देवाला प्रसाद लावला. आमच्याकडे अडीअडचणीला हेच करतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. मामंजी परत आले ते पाकळी हातरुमालात बांधूनच. "उजवा दिला," म्हणाले. "देव बी तिथलाच हाय. त्याच्या मुलखात जायला त्यानं परवानगी दिली. आता तुझा नकाशा काय म्हणतोय?"

नकाशा लालच म्हणत होता.

एकाच्या हातात देवाची पाकळी, दुसऱ्याच्या हातात मोबाईल, आणि मधे मी चहाचे कप घेऊन. मला दोघांचाही राग आला. सरकारी माणसापुढं देव चालत नाही हे मामंजींना ठाऊक होतं; त्यांच्या देवालाही तेव्हा गाव सोडावंच लागलं होतं. आणि ह्यांना दोन गोड शब्द बोलता आले असते, पण हे वडिलांना नियम वाचून दाखवत होते. तेही इंग्रजीतून.

त्या दिवसापासून मामंजींनी मुलाशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे माझ्यामार्फत सुरू केलं. दोघे समोरासमोर जेवायला बसत आणि मामंजी मला म्हणत, "त्याला म्हणावं, मीठ सरकीव." मीठ ह्यांच्याच हाताजवळ असे. हे ऐकत, मीठ सरकवत, आणि मी उगाच म्हणे, "सरकवलं म्हणतायत." माझ्या लग्नात बोलणी करायला मध्यस्थ होते, त्यांना एवढं काम पडलं नव्हतं.

इकडे ह्यांचा सराव चालूच होता. सराव म्हणजे काय, तर उडवण्याआधीची तयारी. वारा बघायचा. घारी बघायच्या. पंखे हातानं फिरवून बघायचे. मग आळीत फिरून प्रत्येक दारात विचारायचं, कारण आमच्याकडं बऱ्याच न्हाण्या परड्यात असतात आणि त्यांना वर छप्पर नसतं. "अंघोळी आटपल्या का?" हा प्रश्न झेरॉक्सवाल्यानं दारात उभं राहून विचारावा, हे पहिल्यांदा बायकांना झेपलं नाही. एक जण कळशी घेऊन अंगावर धावली. नंतर कळलं तेव्हा त्याच बायका लांबूनच ओरडायला लागल्या, "झाल्या हो झाल्या, उडवा." सगळ्या अंघोळी होईपर्यंत वारा सुटायचा, आणि हे ड्रोन पेटीत ठेवून दुकानात जायचे. सुपारीएवढं उड्डाण आणि भोपळ्याएवढी तयारी. पण एक सांगते, कुणाची कोंबडीसुद्धा ह्यांनी दुसऱ्यांदा घाबरवली नाही. पहिल्यांदा एक कोंबडी घार समजून पिलांसकट चुलीच्या लाकडात शिरली, तेव्हापासून त्या घराची बाजूच ह्यांनी वर्ज्य केली.

एकदा दुकानात डबा द्यायला गेले तेव्हा हे फोनवर धरणाच्या ऑफिसात कुणाशी तरी कानडीत बोलत होते. उभे राहून, अगदी साहेबापुढं उभं राहावं तसे. वडिलांचं वय झालंय, पाणी उतरल्यावर फक्त जोतं बघायचंय, तुमचा माणूस शेजारी उभा करा, असं काही चाललं होतं. पलीकडून नकार आला. सभ्यपणे आला, पण नकारच. मला बघून फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "भाजी कसली आहे?"

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. मी सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि त्या दिवशी भिजावा असं मला वाटतही नव्हतं. मामंजी अळूची पानं कापत होते. कापत राहिले. जुडी बांधून झाल्यावर म्हणाले, "इचारलं व्हय त्यानं?"

"व्हय मामंजी. विचारलं."

पुढच्या रविवारी अंघोळींची चौकशी करून हे परत आले, तर मामंजी अंगणात खुर्ची टाकून बसलेले. मला म्हणाले, "त्याला म्हणावं, हितनं उडीव." मी म्हणाले, "तुम्हीच म्हणा की. मला भाकऱ्या आहेत." आणि आत गेले नाही, दारातच उभी राहिले.

ड्रोन अंगणात ठेवला. मोबाईलमधली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. "काय म्हणती?" मामंजींनी विचारलं. थेट मुलाला. हे क्षणभर गडबडले. "घर कुठं आहे ते ध्यानात ठेवलं म्हणते. काही झालं तर इथंच परत येईल."

"आता आलं काल-परवा, आणि घर म्हणतंय," मामंजी पुटपुटले.

तो वर गेला. ह्यांनी परवानगीच्या उंचीला आणून थांबवला आणि कॅमेरा धरणाच्या दिशेला वळवला. पाणी काही दिसलं नाही. मधे डोंगर होता. मला हळहळ वाटली, ह्यांचा चेहरा तर पडलाच. पण मामंजी खुर्चीतून पुढे वाकले. आमच्या समोरच्या झाडीमुळं खालून तो डोंगर अर्धाच दिसतो. वरून त्यातली खिंड दिसत होती.

"ही आमची खिंड," मामंजी म्हणाले. "तिकडं आमच्या दारातनं दिसायची. दिवस ह्याच खिंडीत बुडायचा." मग पडद्यावरच्या खिंडीवर बोट ठेवून, "आणि हितं तिच्यातनंच उगवतोय म्हणायचा."

ह्यांनी ड्रोन तसाच थांबवून ठेवला. बॅटरी कमी होत चालल्याची सूचना आली तरी ह्यांनी जरा वेळ काढला, आणि ह्यांच्या हिशेबानं तो मोठाच गुन्हा होता. मग कॅमेरा खाली वळवून उतरवायला घेतला. पडद्यावर आळी आली. कौलं, आणि कौलांमधून वर आलेले माडांचे झुबके. दाट, हिरवे, एकमेकांना लागलेले. त्यात मधोमध एक रिकामा तुकडा.

"हे बोडकं परडं कुणाचं?" मामंजींनी विचारलं.

तेवढ्यात पडद्यावर खुर्ची दिसली, खुर्चीत बसलेल्या माणसाचं टक्कल दिसलं, दारात उभी असलेली मी दिसले. मामंजींनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा मागे वळून परड्याकडं. ड्रोन खाली टेकला. ते उठून आत गेले आणि त्या दिवशी जेवताना मीठ त्यांनी स्वतःच उचलून घेतलं.

दोन-चार दिवसांनी काठी टेकत ते शेजारी गेले. परत आले तेव्हा काखेत मोड आलेला नारळ होता. मी बघतच राहिले. "तिच्या माडाचा हाय," म्हणाले. "म्हंजे तुझ्याच. देऊन टाकलेलं मागं आणलंय." मग मला खड्डा कुठं काढायचा ते काठीनं दाखवलं.

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी नेहमीसारखी जीभ चालवली. "आता खोबरं खायला थांबावं लागंल, मामंजी."

"मी कुठला थांबतोय पोरी," ते माती लोटत म्हणाले. "तुमी हायसा की."

संध्याकाळी हे दुकानातून आले. मामंजींनी त्यांना बूटही काढू दिले नाहीत. "उडीव ते. वरनं दिसतंय काय बघूया." हे आधी वारा बघून आले, मग अंघोळींचं विचारून आले, मग पंखे फिरवून पाहिले, आणि मग एकदाचा उडवला. पडद्यावर रोप काही दिसलं नाही. बोडक्या परड्यात ओल्या मातीचं एक काळं वर्तुळ तेवढं दिसलं.

"असू दे," मामंजी म्हणाले. "आता कुणाचं म्हणून इचारायला नको."