घागरीतला झेंडू

माझं माहेर तेल्हाऱ्याच्या बाजूचं. तिथल्या विहिरींचं पाणी खारं. तुरीची डाळ शिजता शिजत नसे. गोडं पाणी गावात एकाच विहिरीला, आणि ती विहीर देशमुखांच्या गढीत. पांढऱ्या मातीची उंच गढी, चार बुरूज, आणि हत्तीनं धडक देऊ नये म्हणून दरवाजाला लोखंडी खिळे. राज्यं बदलली, वऱ्हाड इंग्रजांच्या मध्यप्रांतात गेलं, तरी हत्ती काही आला नाही. खिळे मात्र दरसाल तेल पीत होते.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. सासर शेंदूरजन्याचं, गोड्या पाण्याची सवय. इथं घोट घेतला की उलटी. मी भीतीनं रडायची आणि रडून झालं की चिडायची. सुईण म्हणाली, "गोडं पानी पाहा कुठून तरी. नाही तं लेकरू हातचं जाईन."

आम्ही माळी. माय रोज सकाळी गढीत देवाची फुलं पोचवायची. तिनं देशमुखांकडे पाणी मागितलं.

"आज तुले देल्लं तं उद्या सारा गाव दारात," ते म्हणाले.

माय निमूट परत आली. माझं डोकंच फिरलं.

गढीची एक रीत होती. बाहेरून भरून आलेलं भांडं तिथून रिकामं जात नसे. मायच्या टोपलीत ओंजळभर ज्वारी तरी पडायचीच. दुसऱ्या दिवशी मी टोपली बाजूला ठेवली, झेंडू तांब्याच्या घागरीत भरला आणि घागर कमरेवर घेतली.

"काहून लाज आणून रायली वं?" माय म्हणाली.

"लेकरू गेल्यावर लाजेचं काय लोणचं घालाचं?" मी म्हटलं आणि निघाले. ती बडबडत मागून आली.

आत बाईसाहेबांनी फुलं तबकात ओतून घेतली. आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग घागरीकडे. ज्वारी आणायला निघालेल्या मोलकरणीला त्यांनी थांबवलं आणि स्वतः पोहरा विहिरीत सोडला.

वरून देशमुख ओरडले, "हे काय चाललं?"

"मामंजींची रीत चालवून रायली," बाईसाहेब दोर ओढता ओढता म्हणाल्या.

भरलेली घागर मायनं डोक्यावर घेतली. घरी येऊन मी पाणी प्यायले. ते पोटात राहिलं. त्या दिवशी मी आनंदानं रडले. मग रोज घागरच जाऊ लागली.

मुलगी झाली, धडधाकट. माझी सासरी जायची वेळ आली तसा देशमुखांचा निरोप आला: काम झालं, आता फुलं टोपलीत आणा.

माझ्या मायनं जन्मात कुणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही दिलं नाही. सकाळी तिनं घागर उचलली आणि गढीची वाट धरली. मागोमाग आळीतल्या बायका निघाल्या. प्रत्येकीच्या कमरेवर घागर होती, आणि प्रत्येक घागरीत आमच्या मळ्यातला मूठभर झेंडू.